जे दिसलं ते सांगा: वॉर्डात नव्याने आलेल्या ताईंना उत्तर

प्रश्न विचारणाऱ्या ताई २९ वर्षांच्या आहेत. आधी सहा वर्षं कापडाच्या दुकानात होत्या. सहा महिन्यांचा जनरल ड्युटी असिस्टंटचा, म्हणजे पेशंटची रोजची देखभाल करणाऱ्या मदतनिसाचा, कोर्स करून पुण्यातल्या एका खासगी हॉस्पिटलच्या मेडिसिन वॉर्डात लागल्या, त्याला अकरा दिवस झाले. त्या लिहितात: कंबर धरली आहे, साफसफाई करताना पोटात ढवळतं, सिस्टर सगळ्यांसमोर ओरडतात, वयाने मोठी माणसंसुद्धा मला मावशी म्हणतात, एका नाइटला सलाइन बदलायला सांगितलं, नातेवाईक हातात पैसे कोंबतात, आणि परवा माझ्याकडचे एक आजोबा गेले तेव्हापासून घास उतरत नाही. मी या कामात टिकेन का?

ताई, मी २६ वर्षं वॉर्डात आहे. सुरुवात मीही आया म्हणूनच केली, तालुक्याच्या गावी एका वीस खाटांच्या हॉस्पिटलात. पुढे एएनएम हा नर्सिंगचा छोटा कोर्स केला, मग जीएनएम हा मोठा. आता इनचार्ज, म्हणजे वॉर्डची प्रमुख सिस्टर, आहे आणि नव्याने आलेल्यांना शिकवते. तुमचं पत्र वाचून पहिल्यांदा मनात आलं ते हे की अकरा दिवसांत तुम्हाला एवढं दिसलं. ज्याला दिसतं त्याला हे काम जमतं. म्हणून काळजी सोडा आणि एकेक गोष्ट बघू.

आधी कंबर, कारण ती गेली तर बाकीचं शिकून उपयोग नाही. पेशंट खाली घसरला की तुम्ही काखेत हात घालून वर ओढता, असं लिहिलंय. ते आजपासून बंद करा. त्याने म्हाताऱ्या माणसाचा खांदा दुखावतो आणि सगळा भार तुमच्या पाठीवर येतो. बेड वरखाली होणारा असेल तर आधी तो स्वतःच्या कंबरेइतका वर घ्या. उशी काढून बेडचं डोकं सपाट करा. पेशंटच्या खाली ड्रॉशीट, म्हणजे मधोमध आडवी घातलेली छोटी चादर, असू द्या, दोघींनी दोन बाजूंना उभं राहायचं, शीटची कड पेशंटच्या अंगाजवळ गुंडाळून मुठीत धरायची, पेशंटला जमत असेल तर गुडघे दुमडायला सांगायचं, आणि एक-दोन-तीन म्हणून सरकवायचं. उचलायचं नाही, सरकवायचं. तुमचे पाय फाकलेले हवेत आणि वाकायचं ते गुडघ्यात. दुसरं कुणी मोकळं नसेल तर थांबा. पेशंट पाच मिनिटं घसरलेला राहिला तर चालेल, पण एकटीने शंभर किलोचा माणूस ओढलात तर तुम्हाला आठ दिवस झोपून राहावं लागेल. व्हीलचेअरवर घेताना दोन्ही ब्रेक लावा, पायदानं वर करा, आणि अर्धांगाचा पेशंट असेल तर खुर्ची त्याच्या चांगल्या बाजूला ठेवा, म्हणजे तो स्वतः थोडा भार घेतो. काम झालं की बेड पुन्हा खाली आणि कठडे वर. मी टॉवेल आणायला गेले तेवढ्यात पेशंट पडले, ही गोष्ट मी इतक्यांदा ऐकली आहे की आता सामान गोळा केल्याशिवाय मी कुणाला पडदाही ओढू देत नाही.

ढवळण्याची लाज वाटून घेऊ नका. सगळ्यांना होतं, आणि बहुतेकांना दोन-तीन आठवड्यांत सवय होते. उपाशीपोटी ड्युटीवर येऊ नका. पोळीभाजी खाऊनच निघा, नुसत्या चहावर मळमळ वाढते. मास्कच्या बाहेरच्या बाजूला निलगिरीचा एखादा थेंब आमच्याकडे बऱ्याच जणी लावतात. तोंडाने श्वास घ्या. फारच झालं तर पेशंटला झाकून, कठडा वर करून, सोबतच्या बाईला सांगून बाहेर या. कुणी काही म्हणणार नाही.

पण एक लक्षात ठेवा, त्या क्षणी तुमच्यापेक्षा पेशंटला जास्त लाज वाटत असते. आमच्याकडे एक निवृत्त हेडमास्तर होते. पहिल्यांदा डायपर बदलला तेव्हा त्यांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि शेवटपर्यंत वळवलं नाही. त्यांचा कान लाल झालेला मला दिसत होता. तेव्हापासून मी कुणाचाही पडदा पूर्ण ओढल्याशिवाय चादर काढत नाही, जेवढा भाग पुसायचा तेवढाच उघडा ठेवते, आणि प्रत्येक गोष्ट करायच्या आधी सांगते: “काका, आता डाव्या कुशीवर घेते. पाणी कोमट आहे, हात लावून बघा.” बोलत राहिलं की त्यांचंही अवघडलेपण जातं आणि आपलंही. बायकांना पुसताना नेहमी पुढून मागे. मळलेली चादर आतल्या बाजूला गुंडाळत आणा, झटकू नका. स्वच्छ चादरीला हात लावायच्या आधी ग्लोव्ह्ज बदला. काखा, जांघा, पोटाची घडी, बायकांच्या छातीखालचा भाग नीट कोरडा करा. ओल राहिली की दोन दिवसांत तिथे चट्टे येतात.

आता मुख्य मुद्द्यावर येते. डॉक्टर राउंडला पेशंटजवळ काही मिनिटं थांबतात. सिस्टर औषधाला, सलाइनला, चार्ट भरायला येते. पेशंटची उघडी पाठ, टाच, जिभेवरचा थर, लघवीचा रंग, ताटात उरलेला भात हे रोज पाहणारी वॉर्डात एकच व्यक्ती असते, ती म्हणजे तुम्ही. पेशंटचा जीव वाचवणारी बातमी कितीतरी वेळा आधी तुमच्याच हाताला लागते. ती पुढे पोचवणं हे तुमच्या कामाचं काळीज आहे. स्पंजिंग, बेडपॅन, चादरी हे सगळं त्या निमित्ताने पेशंटजवळ असण्यासाठी आहे, असं मी माझ्या हाताखाली शिकणाऱ्या मुलींना सांगते.

पाठीचंच घ्या. पेशंटला कुशीवर घेतलं की माकडहाडावर नजर टाकायचीच. तिथे लालसर डाग दिसला तर बोटाने दाबून सोडा. पांढरा पडून पुन्हा लाल झाला तर अजून वेळ आहे. दाबूनही लालच राहिला तर ती बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात आहे, आणि त्याच मिनिटाला सिस्टरला दाखवायची. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही. तिथे आजूबाजूच्या कातडीपेक्षा काळपट किंवा जांभळट दिसतं का, हाताला गरम किंवा घट्ट लागतं का ते बघा. मग टाचा, खुब्याची हाडं, कोपर, खांद्याची पाती, डोक्याची मागची बाजू. ऑक्सिजनची नळी असेल तर कानामागे बघा, ते सगळ्या विसरतात.

इथे एक जुनी सवय मोडायला हवी. मी शिकले तेव्हा लाल झालेल्या पाठीला स्पिरिट लावून, पावडर टाकून चांगलं चोळायचो आणि त्याला बॅक केअर म्हणायचो. कुठे कुठे अजून चालतं. लाल झालेली जागा चोळू नका. आतली कातडी आधीच दबून दुखावलेली असते, चोळल्याने ती लवकर फुटते. स्पिरिटने कातडी कोरडी पडते. करायचं ते एवढंच: साधारण दर दोन तासांनी कूस बदला, आणि पूर्ण आडवं न करता पाठीमागे उशी लावून थोडंसं तिरकं ठेवा, म्हणजे खुब्याच्या हाडावर भार येत नाही. दोन गुडघ्यांमध्ये उशी, आणि पोटऱ्यांखाली उशी देऊन टाचा अधांतरी. वेळ लिहून ठेवा. डावी कूस १०, पाठ १२, उजवी कूस २. लिहिलं नाही तर बारा तासांच्या ड्युटीत तुम्हालाच आठवणार नाही.

भरवण्याबद्दल तुम्ही काही विचारलेलं नाही, पण मला सांगायचंय, कारण माझ्या हातून चूक झाली ती इथेच. नोकरीचं पहिलं वर्ष. अर्धांगाचे एक काका, पंचावन्नच्या आसपासचे. दुपारी चहा मागितला. मी घाईत होते, बेडचं डोकं अर्धवटच वर होतं, मी तसाच फीडरने चहा दिला. दुसऱ्या-तिसऱ्या घोटाला त्यांना ठसका लागला, चेहरा लाल झाला, मग थांबला. नंतर बोलताना त्यांच्या घशात पाण्याची गुळगुळ येत होती, ती मी ऐकली. आणि मी कुणाला सांगितलं नाही. ओरडतील म्हणून. दुसऱ्या दिवशी ताप, तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया. काका बरे झाले, पण दोन आठवडे जास्त राहिले, आणि त्यांच्या बायकोने गळ्यातलं मोडून बिल भरलं. ते मी डोळ्यांनी पाहिलं. चहा देताना झालेली चूक अज्ञानाची होती. गुळगुळ ऐकून गप्प बसले ती चूक माझी, आणि तिचं ओझं मी आजही बाळगते. त्याच दुपारी सांगितलं असतं तर डॉक्टरांनी संध्याकाळीच छाती तपासली असती.

म्हणून भरवताना बेडचं डोकं पूर्ण वर, जवळजवळ बसतं करा. हनुवटी किंचित खाली. पेशंट झोपेत किंवा गुंगीत असेल तर घास देऊ नका, नातेवाईक कितीही म्हणोत. छोटा चमचा, गिळल्याचं गळ्यावर दिसल्याशिवाय दुसरा नाही. अर्धांगात कमजोर बाजूच्या गालात घास साठून राहतो, तो शेवटी बघा. आपल्याला वाटतं पाणी-चहा सोपा, पण अशा पेशंटला पातळ पदार्थच जास्त अवघड जातो. दाट पेज, मऊ भात बरा उतरतो. काय द्यायचं ते सिस्टरला विचारून. जेवणानंतर अर्धा तास तरी आडवं करायचं नाही. आणि ठसका, गुळगुळ, आवाजात बदल, यातलं काहीही झालं तरी सांगायचं.

सांगायचं म्हणजे कसं, यावर तुमच्या ओरडण्याच्या तक्रारीचं बरंचसं उत्तर आहे. “सिस्टर, सात नंबरला जरा बरं वाटत नाहीये” असं नव्या मुली सांगतात. सिस्टरच्या हातात त्या वेळी इंजेक्शन असतं, ती खेकसते. त्याऐवजी असं सांगा: “सिस्टर, बेड ७, आजोबा. सकाळी सहाला लघवीची बॅग रिकामी केली, आता दहा वाजले, बॅगेत फक्त ५० मिली आहे आणि रंग गडद आहे.” ही बातमी ऐकून कुठलीही सिस्टर हातातलं काम उरकून उठेल. मोठ्या माणसाची लघवी तासाला ३० मिलीच्या खाली जायला लागली तर ते सांगण्यासारखंच असतं. बेड नंबर, नाव, काय दिसलं, कधीपासून. कालपर्यंत नीट बोलणाऱ्या आजी आज असंबद्ध बोलायला लागल्या, श्वास भराभर चालला, शुगरच्या पेशंटला दरदरून घाम फुटला आणि हात थरथरले, तोंड एका बाजूला वाकडं झालं, शौच डांबरासारखं काळं झालं, तर वाट बघायची नाही. हाक मारायची, मोठ्याने. चुकीचा इशारा दिला म्हणून कुणी रागावलं तर रागावू दे. मी रागावलेली आहे आणि नंतर त्या मुलीची माफीही मागितली आहे.

लघवीच्या बॅगेचा विषय निघालाच आहे तर: कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, असलेल्या पेशंटची बॅग नेहमी कंबरेच्या खाली लटकलेली, पण जमिनीला न टेकलेली. स्ट्रेचरवर घेताना ती पेशंटच्या पोटावर ठेवतात, तसं करू नका. लघवी उलटी आत जाते.

आणि नाव विचारताना “तुम्ही पाटीलकाका ना?” असं विचारू नका. कमी ऐकू येणारा माणूस कुठल्याही प्रश्नाला हो म्हणून मान हलवतो. “काका, तुमचं पूर्ण नाव सांगा” म्हणा आणि मनगटावरचा पट्टा वाचा. एक्स-रेला भलत्याच पेशंटला घेऊन जाणं याच एका ‘ना’मुळे होतं.

सलाइन. नाही. सलाइनची बाटली बदलणं, इंजेक्शन, गोळ्या देणं, कॅथेटर घालणं यातलं काहीही तुमच्या कामात येत नाही. नर्सला महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी असते, आपल्या कोर्सने ती मिळत नाही, आणि काही बिघडलं तर नाव तुमचं येईल. नाही म्हणणं जड जातं हे मला माहीत आहे. भांडू नका, हे वाक्य पाठ करा: “सिस्टर, मला याचं ट्रेनिंग नाही. मी सामान काढून ठेवते, पेशंटजवळ थांबते, तुम्ही या.” पुन्हापुन्हा सांगत असतील तर इनचार्जच्या कानावर घाला, तक्रार म्हणून नाही, विचारणा म्हणून: “हे मी करायचं का?”

हात. सॅनिटायझर २० ते ३० सेकंद, साबण-पाणी ४० ते ६० सेकंद, एका पेशंटकडून दुसऱ्याकडे जाताना दर वेळी. ग्लोव्ह्ज घातले म्हणजे हात धुवायला नकोत असं नाही. बांगड्यांबद्दल बोलते, कारण बायकांच्या मनात ते असतं आणि विचारत नाहीत. काचेची बांगडी म्हाताऱ्या माणसाच्या कागदासारख्या कातडीला सहज ओरखडा काढते, आणि तिच्याखालची जागा कधीच धुतली जात नाही. मी लग्न झाल्यावर सासूबाईंना समोर बसवून हे समजावलं होतं. ड्युटीला येताना बांगड्या काढून पर्समध्ये, घरी जाताना पुन्हा हातात. त्यांनीच मला एक छोटी कापडी पिशवी शिवून दिली. मंगळसूत्र आत सारून वर पिन लावा.

हेपॅटायटिस बीची लस घेतली नसेल तर या आठवड्यात इनचार्जकडे मागा. तीन डोस असतात: आज, एका महिन्याने, सहा महिन्यांनी. चादरीत सुई सापडली तर हाताने उचलू नका, सिस्टरला बोलवा. टोचलीच तर वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा, दाबून रक्त काढू नका, बोट तोंडात घालू नका, आणि लगेच सांगा. एचआयव्हीपासून बचावाची औषधं द्यावी लागली तर ती दोन तासांच्या आत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही. इथे गप्प बसणं तुमच्या जिवावर बेतू शकतं. कचऱ्याच्या पिशव्या वॉर्डात लावलेल्या तक्त्यावर बघून घ्या. रक्त लागलेलं ड्रेसिंग पिवळ्यात आणि प्लास्टिकच्या नळ्या, युरोबॅग म्हणजे लघवीची बॅग, ग्लोव्ह्ज लाल पिशवीत, एवढं पाठ असलं की रोजचं बरंच काम भागतं.

पैशाचं: पेढा घ्या, पाकीट घेऊ नका. पन्नास रुपयेसुद्धा नाही. ज्याच्याकडे द्यायला नाहीत तो शेजारच्या बेडवरून बघत असतो, आणि त्याला वाटतं आपल्या आईला त्यामुळे उशिरा बघतात. पेशंटच्या अंगावरचे दागिने एकटीने कधीही काढू नका. सिस्टर हवी, नातेवाईक हवा, वहीत नोंद आणि दोघांच्या सह्या हव्यात. नोंदीत ‘सोन्याची बांगडी’ लिहीत नाहीत, ‘पिवळ्या धातूची बांगडी’ लिहितात, कारण सोनं आहे की नाही ते आपण ठरवायचं नसतं. त्याच नियमाने स्वतःचेही कागद सांभाळा: नेमणुकीचं पत्र मागून घ्या, पगारातून पीएफ आणि ईएसआय कापत असतील तर नंबर आणि कार्ड घ्या. लाजायचं कारण नाही.

मावशी म्हणण्याबद्दल. आपल्याकडे वॉर्डात बाई म्हणजे मावशी आणि पुरुष म्हणजे मामा, वय कुणी बघत नाही. मला तेविसाव्या वर्षी मावशी म्हणायचे आणि मीही खट्टू व्हायचे. पण तुम्हाला खुपत असेल तर सोबतच्या स्टाफला नाव सांगा आणि नावाने हाक मारा म्हणा, त्यात काही वावगं नाही. मी माझ्या वॉर्डात सगळ्यांना नावाने किंवा ताई-दादा म्हणूनच बोलावते. पेशंटने मावशी म्हटलं तर मात्र ओ द्या. रात्री तीन वाजता घाबरलेला माणूस मावशी म्हणतो तेव्हा त्याला खरंच मावशी हवी असते.

टिकाल का? अकरा दिवसांत ते कुणालाच सांगता येत नाही. तीन महिने द्या. आणि पुढे शिकायची इच्छा झाली तर एएनएम दोन वर्षांचं आहे, बारावीवर होतं, पण प्रवेशाला वयाची अट ३५ आहे. तुम्ही २९ च्या आहात, म्हणून हे आत्ताच कानावर घालते.

आता ते आजोबा. तुम्ही लिहिलंय की सकाळी त्यांची दाढी तुम्ही केली आणि दुपारी ते गेले, आणि सारखं वाटतं की आपलं काही चुकलं का. दाढी केल्याने कुणी जात नाही, ताई. ते स्वच्छ चेहऱ्याने गेले, आणि घरच्यांनी शेवटचं पाहिलं ते तसं पाहिलं. पुढच्या वेळी असं झालं तर नळ्या स्वतः काढू नका, ते सिस्टर सांगेल तसं; पोलीस केस असेल तर काहीच हलवत नाहीत. नातेवाईकांना विचारा काही करायचंय का. कुणाला तोंडात तुळशीपत्र ठेवायचं असतं, मुसलमान घरात आंघोळ त्यांचीच माणसं घालतात, कुणाला नुसतं पाच मिनिटं जवळ बसायचं असतं. त्यांना पडदा ओढून द्या. अंग पुसताना मी अजूनही बोलते, जिवंतपणी बोलत होते तसंच: “काका, आता या कुशीवर घेते हं.” मला कुणी शिकवलं नव्हतं, माझ्या पहिल्या वॉर्डातल्या एका म्हाताऱ्या आयाबाई तसं करायच्या.

माझ्याकडचा पहिला पेशंट गेला तो बेड ११. त्या रात्री मीही जेवले नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याच आयाबाईंनी डबा उघडून माझ्यासमोर भाकरी ठेवली आणि माझं खाऊन होईस्तोवर समोरून उठल्या नाहीत. तुमच्याबरोबर त्या दिवशी ड्युटीला असलेल्या कुणाशी तरी त्या आजोबांबद्दल बोला. घरी सांगून कळत नाही, तिथे असलेल्याला कळतं. आज घरी गेल्यावर आंघोळ करा, गरम वरणभात थोडा का होईना खा आणि झोपा. आणि लसीचा पहिला डोस कधी घेतलात ते मला कळवा.